आलेले सभासद जातात कुठे?

पत्र: आमची विभागीय पातळीवरची वित्त व्यावसायिकांची संघटना आहे. लेखापाल, कर सल्लागार, कंपन्यांच्या फायनान्स विभागातली मंडळी, काही बँकेतले असे सभासद. मी गेल्या वर्षी सचिव झालो. रजिस्टरमध्ये ६४० नावं आहेत, त्यातले ४१० आजीव. महिन्याच्या व्याख्यानाला मात्र ३५-४० जण, आणि चेहरे तेच ते. दोन वर्षांत ११० नवे वार्षिक सभासद झाले, पण मुदत संपल्यावर त्यातल्या निम्म्यांनीही वर्गणी पुन्हा भरली नाही. अध्यक्षांनी पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत हजाराचा आकडा गाठायचा असं जाहीर करून टाकलंय. कार्यकारिणीत चार सूचना आहेत: प्रत्येकाने दोन सभासद आणायचे, नामवंत वक्ता बोलावून मोठी परिषद घ्यायची, संघटनेनेच फीचा किमान दर ठरवून द्यायचा म्हणजे लोक आपोआप येतील, आणि सभासदत्वाच्या अटी सैल करायच्या. तरुण म्हणतात, सगळं मोबाइलवर मिळतं, मग यायचं कशाला? ज्येष्ठ म्हणतात, या पिढीला बांधिलकी नाही. मी दोघांच्या मध्ये अडकलोय. सुरुवात कुठून करू?
— एक सचिव

सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकलीत: ११० आले, निम्मेही टिकले नाहीत. परिषद, फीचा दर, हजाराचा आकडा या सगळ्याकडे आपण येऊच, पण आधी इथे थांबू या. कुठलीही मोहीम न काढता दोन वर्षांत एवढी माणसं स्वतःहून तुमच्या दारी आली. त्यांनी फॉर्म भरला, वर्गणी भरली. म्हणजे अशा संघटनेची गरज लोकांना वाटते आहे. आत आल्यावर वर्षभरात जे मिळायला हवं होतं ते त्यांना मिळालं नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी हात आखडला. सभासद वाढवायचे कसे, असं तुम्ही विचारलंय. मला तुमचा प्रश्न सभासद टिकवण्याचा दिसतो, आणि तो सुटला की वाढीचा बराचसा भाग आपोआप सुटतो.

आपण आकडेमोडीतली माणसं, तेव्हा हिशेबानेच बोलू. समजा, एखाद्या संघटनेत दरवर्षी ६० नवे वार्षिक सभासद येतात आणि असलेल्यांपैकी २० टक्के दरवर्षी गळतात. ही संघटना वाढत वाढत ३०० पर्यंत जाऊन अडते, कारण ३०० चे २० टक्के म्हणजे ६०. जितके आले तितके गेले. तिला ४०० पर्यंत जायचं असेल तर दोन वाटा आहेत. गळती आहे तशीच ठेवायची आणि ६० ऐवजी ८० नवे आणायचे, तेही एकदा नव्हे, दरवर्षी. किंवा गळती २० वरून १५ टक्क्यांवर आणायची. मग नवे ६०च पुरतात. तुमच्याकडे नव्यांची गळती निम्म्याहून जास्त आहे. अशा वेळी मोहीम काढणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरत राहणं. त्यात एक धोका आणखी असतो. एका विभागातले वित्त क्षेत्रातले लोक एकमेकांना ओळखतात. वर्षभरात निराश होऊन गेलेला माणूस पुढच्या चौघांना सांगतो, ‘गेलो होतो, काही विशेष नसतं तिथे.’ मोहिमेने आणलेले दोनशे जण असे परत गेले, तर नंतर चांगले उपक्रम सुरू करूनही लोक फिरकणार नाहीत.

आता त्या ४१० आजीव सभासदांबद्दल. बहुतेक संघटनांनी कधीतरी पैशांची चणचण होती म्हणून आजीव सभासदत्व खुलं केलेलं असतं. एकरकमी पैसे येतात, त्याच वर्षीच्या उत्पन्नात दिसतात आणि खर्चही होतात. एखाद्या ग्राहकाच्या पुस्तकांत हे दिसलं असतं तर तुम्हीच विचारलं असतं, की पुढची अनेक वर्षं सेवा देण्याच्या बोलीवर घेतलेली रक्कम एका वर्षाचं उत्पन्न कशी होईल? पण मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. वार्षिक सभासद वर्गणी न भरून तुम्हाला काहीतरी सांगत असतो. आजीव सभासदाकडे ते सांगायचा मार्गच उरत नाही. तो नुसता येईनासा होतो, आणि रजिस्टरमध्ये नाव तसंच राहतं. त्यामुळे ६४० हा आकडा तुम्हाला संघटनेच्या प्रकृतीविषयी फारसं काही सांगत नाही. नवं आजीव सभासदत्व काही काळ बंद ठेवा, किंवा सलग पाच वर्षं वार्षिक वर्गणी भरलेल्यांनाच द्या. आणि ती रक्कम वेगळ्या निधीत ठेवून दरवर्षी थोडी थोडी उत्पन्नात घ्या. त्याच्या जोडीला एक स्वतंत्र मोजणी सुरू करा: गेल्या बारा महिन्यांत किमान दोनदा हजर राहिलेले किंवा संघटनेचं काही काम केलेले सभासद किती? हा आकडा पहिल्यांदा काढाल तेव्हा कार्यकारिणीत शांतता पसरेल. पसरू द्या.

यानंतर फोन. गेलेल्या साठेक जणांची यादी काढा आणि प्रत्येकाला फोन करा. हे काम अध्यक्षांनी करू नये. अध्यक्षांना कुणी खरं सांगत नाही. तुम्ही करा, आणि कार्यकारिणीतला सगळ्यात तरुण सभासद सोबत घ्या. ‘तुम्ही सभासदत्व का सोडलंत?’ असं विचारू नका. ‘वेळ मिळत नाही हो’ एवढंच उत्तर येईल आणि संभाषण तिथेच संपेल. त्याऐवजी विचारा: गेल्या काही महिन्यांत कामात कुठे अडलात? तेव्हा कुणाला विचारलंत? हा प्रश्न मी अनेक संघटनांना सुचवला आहे, आणि त्याची उत्तरं सर्वेक्षणाच्या फॉर्मपेक्षा कितीतरी उपयोगी ठरतात. कुणी सांगेल, नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या शिलकी उचलताना घोळ झाला, दोन रात्री एकट्याने बसून निस्तरला. कुणी सांगेल, ग्राहक चुकीच्या गोष्टीवर सही मागत होता आणि सल्ला विचारायला कुणी नव्हतं. कुणी सांगेल, ऑफिसात फायनान्सचा मी एकटाच आहे, माझं बरोबर की चूक हे तपासायलाच कुणी नाही. शब्दशः लिहून घ्या. तुमच्या पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमांची यादी या वहीतच आहे.

फोनवर आणखी काही गोष्टी कानावर येतील. पहिल्या व्याख्यानाला आलो, मागच्या रांगेत बसलो, कुणी नाव विचारलं नाही, तसाच घरी गेलो. ऑफिसात वाचून झालेल्याच तरतुदी वक्त्याने पडद्यावर वाचून दाखवल्या. विषय एक जाहीर झाला होता, प्रत्यक्षात सॉफ्टवेअर कंपनीची जाहिरात बघायला लागली. कार्यक्रम नेमका विवरणपत्रांच्या शेवटच्या आठवड्यात ठेवला होता. यातली एकही गोष्ट सुधारायला फार पैसे लागत नाहीत. दारावर यादी घेऊन उभं राहणारा एक जण, नव्या माणसाला नेऊन दोघांशी ओळख करून देणारा दुसरा, आणि वर्षाचं वेळापत्रक करताना समोर ठेवलेली मुदतींची दिनदर्शिका; बस. प्रायोजकाला सभागृहाबाहेर टेबल द्या, पण व्यासपीठ देऊ नका. हा नियम एकदा घटनेत किंवा ठरावात लिहून टाका, म्हणजे दर वेळी कुणाला तोंडावर नाही म्हणायची वेळ येणार नाही.

तरुणांचा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. माहिती मोबाइलवर मिळते, हे खरंच आहे. नवं परिपत्रक आलं की तासाभरात त्याचे दहा व्हिडिओ असतात. संघटनेने त्या शर्यतीत उतरूच नये. पण आपल्या कामातली बिकट वळणं माहितीच्या कमतरतेमुळे येत नाहीत. नियम माहीत असतो; समोरच्या कागदाला तो कसा लावायचा, ग्राहकाला किंवा साहेबांना काय सांगायचं, कुठे ठाम राहायचं, हे कळत नसतं. ते ज्याने केलंय त्याच्याकडूनच कळतं. म्हणून माझं ठाम मत आहे की तुम्ही महिन्याचं व्याख्यान दोन महिन्यांतून एकदा करावं आणि मधल्या महिन्यांत छोटे अभ्यासगट भरवावेत.

असा गट प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगतो. दहा-बारा माणसं, नव्वद मिनिटं, एकच प्रकरण. समजा, एका सभासदाने हे प्रकरण आणलं: एका कंपनीला नेहमीच्या पुरवठादाराची ईमेल आली की आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा. लेटरहेड बरोबर, भाषा नेहमीची, खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार जोडलेला. अकाउंट्समधल्या मुलीने खातं बदललं, पेमेंट गेलं, आणि तीन आठवड्यांनी खऱ्या पुरवठादाराचा फोन आला, पैसे कुठे आहेत? जगभर चालणारी ही फसवणूक आहे. बिझनेस ईमेल कॉम्प्रमाइज म्हणतात तिला. आता गटात बोलणं सुरू होतं. एक विचारतो, खातं बदलण्याआधी फोन करून खात्री केली होती का? केली होती, पण फोन त्या ईमेलमध्येच दिलेल्या नंबरवर. मग ट्रेझरीत, म्हणजे कंपनीचा पैसा सांभाळणाऱ्या विभागात, आयुष्य घालवलेले एक सर सांगतात की खात्री करायची ती आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवरूनच, आलेल्या पत्रातल्या नाही. एक मॅडम सांगतात, आमच्याकडे व्हेंडर मास्टर, म्हणजे पुरवठादारांच्या खात्यांची मूळ नोंद, बदलणारा आणि पेमेंट सोडणारा एकच माणूस असूच शकत नाही, आणि बदललेल्या खात्यात पहिलं पेमेंट दुसऱ्या सहीशिवाय जात नाही. बँकेतला सभासद म्हणतो, पहिल्या काही तासांत बँकेला कळवलं तर रक्कम अडवण्याची आशा असते. ‘आधी चौकशी करू’ म्हणत दोन दिवस घालवले की पैसे पुढच्या खात्यांत गेलेले असतात. ऑडिट करणारा विमा पॉलिसीतलं कलम काढून बघायला सांगतो. आणि नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी विचारते, ‘ज्या मुलीने पेमेंट सोडलं तिचं पुढे काय झालं?’ इथून चर्चेला वेगळंच वळण मिळतं. चूक सांगायला माणूस घाबरतो तिथे पहिले काही तास वाया जातात, हे प्रत्येकाला आपापल्या ऑफिसातलं काहीतरी आठवून पटतं. नव्वद मिनिटं संपताना एक पानाचा तपासतक्ता तयार असतो, आणि बाराही जण दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या टेबलावर वापरू शकतात. या माणसांना वर्गणीची आठवण करून द्यावी लागणार नाही.

अशा गटाला शिस्त लागते. प्रकरण मांडताना कंपनीचं, माणसांचं नाव नाही, ओळखता येतील असे तपशील नाहीत, रेकॉर्डिंग नाही. व्यावसायिक लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत जी पाच मूलभूत तत्त्वं आहेत, त्यात सचोटी, वस्तुनिष्ठता, व्यावसायिक क्षमता व दक्षता आणि व्यावसायिक वर्तन यांच्या बरोबरीने गोपनीयताही आहे. गटाची पहिली बैठक तीच वाचून सुरू करा. प्रकरण चार दिवस आधी एका परिच्छेदात सगळ्यांना पाठवा. गट चालवणाऱ्याने स्वतः कमी बोलायचं. टिपण करण्याचं काम दर वेळी नव्या सभासदाकडे द्या, कारण टिपण करणाऱ्याला प्रश्न विचारावेच लागतात आणि त्यातून त्याची सगळ्यांशी ओळख होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त तो एक पानाचा तक्ता टाका. जे आले नाहीत त्यांनाही कळू दे की तिथे काय हाती लागलं.

काही जण निव्वळ शिक्षणाचे ठरलेले तास भरायला येतात, अशी तक्रार तुमच्याकडेही असेल. बऱ्याच देशांतल्या लेखापालांच्या संस्थांत सततच्या व्यावसायिक शिक्षणाचे तीन वर्षांत १२० तास हे परिमाण रुळलेलं आहे, आणि ते भरायला लोक मिळेल तिथे जातात. त्यात वाईट काही नाही. तुमचे अभ्यासगट मान्यताप्राप्त तासांत धरले जातील का हे तुमच्या मूळ संस्थेला विचारा; धरले जात असतील तर तासांसाठी आलेला माणूसही चर्चेत ओढला जाईल.

लोक संघटनेत का येतात याचं एक जुनं उदाहरण तुमच्या अध्यक्षांना जरूर सांगा. लेखापालांची आधुनिक व्यावसायिक संघटना प्रथम उभी राहिली ती स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात. १८५३ च्या जानेवारीत अलेक्झांडर वेअर रॉबर्टसन या लेखापालाने आपल्या काही व्यवसायबंधूंना परिपत्रक पाठवून एकत्र येण्याचं सुचवलं. त्या काळात दिवाळखोरीच्या कायद्यात बदल करण्याच्या हालचाली सुरू होत्या, आणि दिवाळखोरीची प्रकरणं हा तिथल्या लेखापालांच्या कामाचा मोठा भाग होता. बदल झाले असते तर हातातलं काम गेलं असतं. म्हणून मूठभर माणसं एकत्र बसली, आणि १८५४ मध्ये त्यांच्या संस्थेला शाही सनद मिळाली. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या लेखापालांनीही सनद मिळवली. इंग्लंडमध्येही आधी लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर, शेफील्ड इथल्या वेगवेगळ्या संघटना होत्या. १८८० मध्ये त्या एकत्र येऊन इंग्लंड आणि वेल्सची संस्था झाली. विभागीय संघटना ही कुणाची छोटी शाखा असते असं मानायचं कारण नाही. हा व्यवसाय विभागीय संघटनांतूनच उभा राहिला, आणि त्यांची सुरुवात सभासदांच्या रोजच्या कामातल्या प्रश्नापासून झाली. तुमच्या विभागात आज असा कुठला प्रश्न आहे जो एकट्याने सुटत नाही? एखादं पोर्टल सतत अडतं का? मुदतींचा कालावधी अशक्य आहे का? बँका ठरावीक कागदपत्रांवर अडून बसतात का? असा एक प्रश्न वर्षभरासाठी उचला, सभासदांकडून पुरावे गोळा करा, मुद्देसूद निवेदन द्या, उत्तर आलं की ते सगळ्यांना पाठवा आणि आलं नाही तर स्मरणपत्र पाठवा. निवेदनाचा फोटो काढून थांबणाऱ्या संघटना पुष्कळ आहेत. पाठपुरावा करणारी संघटना लोकांच्या लक्षात राहते.

आता तुमच्या चार सूचना.

फीचा किमान दर ठरवण्याची सूचना ताबडतोब बाजूला ठेवा. हे मी आर्जवाने सांगतोय, कारण सभासदांना ती फार आवडेल आणि नेमकी तीच तुम्हाला अडचणीत आणेल. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात गोल्डफार्ब नावाच्या दांपत्याला घर घेताना मालकीहक्काची तपासणी करून घ्यायची होती. वकिलाने स्थानिक वकील संघटनेच्या किमान दरपत्रकानुसार फी सांगितली. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रं लिहिली; उत्तर देणाऱ्यांपैकी एकानेही त्याहून कमी दर सांगितला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९७५ मध्ये न्यायालयाने असं दरपत्रक स्पर्धाविरोधी ठरवलं. ‘आमचा धंदा नाही, हा विद्वत्तेचा व्यवसाय आहे’ हा युक्तिवाद चालला नाही. स्पर्धा कायदा आज जगातल्या बहुतेक देशांत आहे, आणि प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून दर ठरवणं त्याला खपत नाही, मग ते ‘शिफारस’ म्हणून का असेना. सभेत, ग्रुपवर, इतिवृत्तात दरांची चर्चा होऊ देऊ नका, आणि शंका असेल तर जाणकार वकिलाचं मत घ्या. कमी फीचं दुखणं खरं आहे, ते मला मान्य आहे. त्यावर संघटना एक करू शकते: कामाची व्याप्ती लेखी कशी ठरवायची, वाढीव कामाचं वेगळं बिल कसं करायचं, वेळेची नोंद कशी ठेवायची, हे शिकवायचं. दर ज्याचा त्याने ठरवायचा.

मोठी परिषद घ्या, पण दोन वर्षांनी. आता घेतलीत तर कार्यकारिणीचे सहा महिने हॉल, स्मरणिका आणि प्रायोजक यांतच जातील. गर्दी होईल, फोटो येतील, आणि पुढच्या महिन्याच्या व्याख्यानाला पुन्हा तेच ३५ जण बसलेले असतील. दोन वर्षांत अभ्यासगटांतून चांगले बोलणारे, प्रकरणं मांडणारे दहा-बारा सभासद तयार झाले की परिषदेला वक्ते घरचेच मिळतील आणि लोक त्यांना ऐकायला येतील. शेजारच्या विभागातल्या संघटनेला सोबत घेता आलं तर आणखी चांगलं. १९४७ मध्ये न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो आणि फिलाडेल्फिया इथल्या गुंतवणूक विश्लेषकांच्या स्थानिक संघटनांनी मिळून एक महासंघ केला. त्यातूनच पुढे १९६३ मध्ये सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) या गुंतवणूक विश्लेषकांच्या पात्रतेची पहिली परीक्षा झाली. एकेकट्या संघटनेला ते जमलं असतं असं मला वाटत नाही.

‘प्रत्येकाने दोन आणा’ ऐवजी प्रत्येकाने एका सहकाऱ्याला अभ्यासगटाला घेऊन यावं. फॉर्म नाही, वर्गणी नाही. दोन बैठका झाल्यावर त्याला विचारायचं. तोपर्यंत त्याला आत काय मिळतं ते कळलेलं असेल आणि तो नाही म्हणाला तरी बाहेर वाईट बोलणार नाही.

अटी सैल करण्याची सूचना मला आवडली, पण कुठली अट सैल करायची हे नीट ठरवा. मेरी हॅरिस स्मिथ या लंडनमध्ये स्वतःचं लेखापालाचं कार्यालय चालवत होत्या. इंग्लंड आणि वेल्सच्या संस्थेकडे त्यांनी एकोणिसाव्या शतकातच अर्ज केला. काम येत होतं, कार्यालय होतं, ग्राहक होते. तरी अर्ज नाकारला गेला, कारण त्या स्त्री होत्या. १९१९ मध्ये कायदा बदलला आणि १९२० मध्ये त्या संस्थेच्या पहिल्या महिला सभासद झाल्या. तोवर त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. आपल्या दाराबाहेर आज कोण उभं आहे, हा प्रश्न प्रत्येक कार्यकारिणीने स्वतःला विचारावा. पदवी नसलेले पण वीस वर्षं एखाद्या लहान उद्योगाची पुस्तकं चोख ठेवणारे अकाउंटंट. फायनान्ससाठी डेटा हाताळणारी तरुण मंडळी. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे काही वर्षं थांबून पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या स्त्रिया. या स्त्रियांकडे अनुभव असतो, फक्त मधल्या काळात बदललेले नियम आणि सुटलेल्या ओळखी भरून काढायच्या असतात, आणि ते काम संघटनेइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकत नाही. या सगळ्यांसाठी सहयोगी सभासदत्व ठेवा, मतदानाचा हक्क हवा तर नंतर द्या. पदवीची अट सैल करा. आचारसंहितेची मात्र तिळभरही करू नका. तक्रार आली तर ती ऐकायची, निर्णय द्यायचा आणि तो नोंदवायचा, ही व्यवस्था उलट आणखी पक्की करा. संघटनेच्या नावाला वजन असतं ते त्यामुळे.

ज्येष्ठांविषयी. बांधिलकी नाही ही त्यांची तक्रार मी फार ठिकाणी ऐकली आहे, आणि त्यामागे दुखावलेपण असतं. या लोकांनी स्वतःच्या ऑफिसात सतरंजी घालून पहिल्या सभा घेतलेल्या असतात. त्यांना उपदेश करायला लावू नका आणि अडगळीतही टाकू नका. प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्या वर्षासाठी एक ज्येष्ठ सभासद जोडून द्या. वर्षातून तीन भेटी, विषय नव्या सभासदाने ठरवायचा. कुठल्या सरांना माणसं शिकवायला आवडतं हे तुम्हाला माहीत असेलच, सुरुवात त्यांच्यापासून करा. पण कार्यकारिणीत बदल हवाच. व्यवसायात पाच वर्षांहून कमी काळ असलेल्यांसाठी दोन जागा राखून ठेवा, आणि एका पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी राहणार नाही अशी दुरुस्ती घटनेत करा. तरुण माणसाला पाहुणा म्हणून कितीही मान दिलात तरी तो पाहुणाच राहतो. त्याच्या हाती अभ्यासगटांचं वेळापत्रक द्या, चुकलं तर चुकू द्या.

आणि स्वतःचे हिशेब. इतरांचे हिशेब तपासणाऱ्यांच्या संघटनेचे हिशेब वर्षातून एकदाच, सभेच्या आदल्या दिवशी कळावेत, हे बरं दिसत नाही. दर तिमाहीला एक पान सभासदांना पाठवा: पैसे आले किती, गेले किती, कशावर, शिल्लक किती, राखीव निधी किती महिन्यांच्या खर्चाला पुरेल. त्याच पानावर सभासदांची आवक-जावकही द्या.

राहिला हजाराचा आकडा. अध्यक्षांनी तो जाहीर केलाय, तेव्हा भर सभेत त्याला विरोध करून तुमचं काम होणार नाही. सभेआधी त्यांना एकट्याने भेटा आणि एक तक्ता सोबत न्या. गेल्या पाच वर्षांत कोणत्या वर्षी किती नवे आले, आणि त्यातले पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाअखेरीस किती उरले, एवढंच त्यात असू द्या. कर्जाच्या थकबाकीचे असे तक्ते तुम्ही दोघांनीही वाचलेले असतील, समजावून सांगायची गरज पडणार नाही. मग त्यांना सुचवा की या वर्षीचं उद्दिष्ट असं ठेवू या: यंदा आलेल्या नव्यांपैकी दहातले आठ पुढच्या वर्षी वर्गणी भरतील. त्यासाठी तुम्हाला तीन अभ्यासगट, फोन करायला दोन माणसं आणि दारावर उभा राहणारा एक जण लागेल. हे तीन गट चालवू शकतील अशा तिघांची नावं त्या भेटीला जातानाच खिशात ठेवा, आणि त्यातलं निदान एक नाव सोडून गेलेल्या साठ जणांतलं असू द्या.